भरल्या टाकीला बंद पडणारी गाडी

गॅरेजातल्या आठवणी लिहून द्या, असं या अंकाचे संपादक मला गेली चार वर्षं सांगताहेत आणि चार वर्षं मी गुडघ्यांचं कारण पुढे करतो आहे. लिहायला गुडघे लागत नाहीत, हे त्यांनाही ठाऊक असणार, पण भला माणूस, कधी बोलून दाखवलं नाही. खरं कारण वेगळं होतं. गॅरेजातल्या गोष्टी सांगायला बसलो की मी तीन-चार गमतीच्या गोष्टी सांगतो, ऐकणारे हसतात, आणि मग एक गोष्ट समोर येते तिथे मी पाणी प्यायला उठतो. ती मी बायकोलाही कधी सांगितली नाही. बायकोही गेली. आता मी ब्याऐंशीचा आहे. ही गोष्ट मी कशीही सांगितली तरी मला खोटं पाडणारं कोणी उरलेलं नाही, आणि तेवढ्यासाठीच ती खरी सांगायला हवी.

लढाई संपल्यावर कल्याण कँपातून लष्कराच्या गाड्या लिलावात निघाल्या. त्यांना सगळे डिस्पोजलच्या गाड्या म्हणत. हिरव्या रंगाचे, उंच चाकांचे, पेट्रोल पिणारे परदेशी ट्रक. ज्यांनी जन्मात बैलगाडीपलीकडे काही हाकलं नव्हतं अशा गवतवाल्यांनी, भातगिरणीवाल्यांनी, वीटभट्टीवाल्यांनी ते उचलले. गाड्या मुळातच थकलेल्या. कोणती ब्रह्मदेशात चिखलातून फिरून आलेली, कोणती नुसतीच उन्हात उभी राहून गंजलेली. सुटे भाग मिळायचे नाहीत. त्यामुळे आमच्यासारख्यांचं बरं चाललं. मी कँपाच्या वर्कशॉपात हात काळे करून शिकलेला, आणि तेविसाव्या वर्षी ठाण्यात जांभळी नाक्याजवळच्या एका गॅरेजात मिस्त्री झालो होतो. साळवी मिस्त्री. वयानं माझ्या दुप्पट असलेले ड्रायव्हर मला अहोजाहो करत आणि मला ते फार आवडे.

गाडी चालता चालता बंद पडते, ही सगळ्यात त्रासाची तक्रार. जी गाडी चालूच होत नाही तिचं सोपं असतं, ती समोर मेल्यासारखी पडलेली असते. वाटेत बंद पडणारी गाडी गॅरेजात आली की शहाण्यासारखी चालते. आजारी माणूस डॉक्टरासमोर बसला की त्याचा ताप उतरतो, तसं. इंजिनाला तीन गोष्टी लागतात: पेट्रोल, हवा आणि ठिणगी. तिन्हींपैकी एक तुटली की ते थांबतं. कोणती तुटली हे शोधायचं, आणि ज्या क्षणी तुटली तो क्षण तर मुंब्र्याच्या पुढे कुठेतरी मागे राहिलेला. म्हणून मिस्त्रीनं ड्रायव्हरला विचारायचं असतं. गाडी धक्के खात थांबली की एकदम दिवा मालवल्यासारखी? चढावर की सपाटीवर? थंड असताना की तापल्यावर? थोडा वेळ उभी केल्यावर आपोआप चालू झाली का? निम्मं निदान या उत्तरांत असतं. मी हे सगळ्यांना शिकवत असे.

माझं नाव झालं ते कल्याणच्या एका गवतवाल्याच्या गाडीमुळे. ती दर तीन-चार मैलांवर थांबायची. कोणीतरी नजर लावली म्हणून शेठजींनी पुढे लिंबू-मिरच्या टांगल्या होत्या, मागे एक जुनी वहाण, आणि टपावर काळी बाहुली. दोन मिस्त्र्यांनी कार्ब्युरेटर खोलून पाहिला होता. मी टाकी रिकामी करून उलटी केली तर आतून धोतराची एक चिंधी पडली. कोणीतरी कधी झाकणाऐवजी बोळा कोंबला असेल, तो आत गेला. गाडी चालली की चिंधी ओढली जाऊन नळीच्या तोंडावर बसे, थांबली की तरंगत बाजूला होई. शेठजींनी चिंधी हातात घेऊन बराच वेळ पाहिली. ती त्यांच्याच धोतराची होती, काठावरून ओळख पटली. लिंबू-मिरच्या मात्र त्यांनी काढल्या नाहीत, असू दे म्हणाले.

ही गोष्ट मी शेकडो वेळा सांगितली आहे. तिच्या पुढची सांगितली नाही.

कळव्याला हिराजीशेठ म्हणून एक आगरी बागायतदार होते. खाडीकाठी त्यांची मिठागरं होती. त्यांनी डिस्पोजलचा एक ट्रक घेतला आणि मिठाच्या गोण्या कल्याणच्या वखारीत धाडायला सुरुवात केली. कळवा, मुंब्रा, शिळ आणि तिथून डावीकडे कल्याण, असा रस्ता. गाडीवर ड्रायव्हर होता दौलत जगदाळे. साताऱ्याकडचा, लढाईत फौजेच्या गाड्या चालवलेला, पस्तिशीचा शांत माणूस. बायको आणि दोन मुलींना घेऊन तो शेठच्याच मिठागराजवळच्या खोलीत राहायचा. बोनेट पुसून झाल्यावर फडकं घडी घालून ठेवणारा दुसरा ड्रायव्हर मी पाहिला नाही.

मीठ हा गाडीचा वैरी. गोण्या ओल्या असतात, त्यांतून खारं पाणी ठिबकत राहतं, पत्रा खातं. या ट्रकची टाकी बाजूला, फळ्यांच्या खाली होती. एकदा दौलत गाडी घेऊन आला ती भुकभुक करत. कार्ब्युरेटर उघडला तर आत पांढरी खरड साचलेली. खारं पाणी टाकीच्या झाकणावर पडायचं आणि झाकणाला जे सुईएवढं भोक असतं त्यातून आत जायचं. त्याच वेळी शेठनाही झाकणाला कुलूप हवं होतं. पेट्रोल तेव्हा कुपनावर मिळे आणि उभ्या गाडीतून रबरी नळीनं ओढून नेणारे पुष्कळ होते. मी दोन्ही कामं एकदम केली. झाकणाला कडी-कोयंडा बसवला, खाली जाड चामड्याचा वायसर घातला, आणि ते भोक कथिलाचा डाख देऊन बुजवून टाकलं. असं घट्ट झाकण ठाण्यात कोणी केलं नसेल. शेठ खूश झाले. किल्ली त्यांनी आपल्या करगोट्याला बांधली. पेट्रोल भरायचं ते त्यांच्यासमोर.

ज्यांच्या घरी कधी तेलाचा पत्र्याचा डबा फोडला गेला आहे त्यांना पुढचं कळलंच असेल. डब्याला एकच भोक पाडलं की तेल गटगट करत, अडखळत येतं, मग थांबतं. दुसरं भोक पाडलं की सरळ धार लागते. जेवढं तेल बाहेर येतं तेवढी हवा आत जावी लागते. माझी आई हे करायची, मी रोज पाहिलेलं. इंजिनाला हवा लागते हे मी सगळ्यांना शिकवत होतो. टाकीलाही लागते, हे मात्र त्या दिवशी माझ्या डोक्यात आलं नाही. मी मीठ बाहेर ठेवण्याच्या नादात होतो.

आठवड्याच्या आत गाडी बंद पडायला लागली. कधी शिळेच्या अलीकडे, कधी पलीकडे. अर्धा-पाऊण तास उभी राहिली की पुन्हा चालू व्हायची. चामड्यातून तेवढ्या वेळात थोडी हवा आत झिरपत असणार, हे आज सांगतो. तेव्हा दौलत माझ्याकडे आला आणि त्यानं, खरंच सांगतो, माझ्या सगळ्या प्रश्नांची मी न विचारता उत्तरं दिली. गाडी एकदम मरत नाही, धाप लागल्यासारखी करत थांबते. ठिणगी चांगली आहे, त्यानं प्लग काढून पाहिली होती. पंपाजवळची नळी सोडवून खाली डबा धरला तर पेट्रोलच येत नव्हतं. आणि मग तो म्हणाला, "मिस्तरी, हसू नका. टाकी भरलेली असली की लवकर बंद पडते. अर्ध्यावर आली की लांब जाते."

मी हसलो. गॅरेजातले सगळे हसले. रिकाम्या टाकीला गाड्या बंद पडतात दौलतराव, भरल्या टाकीला बंद पडणारी तुमची पहिलीच, असं मी म्हणालो. टाकी भरलेली असली की वर हवेला जागा थोडी, म्हणून ती लवकर विरळ होते आणि पेट्रोल आत ओढून धरते. इतकं सरळ होतं ते. त्यानं मला निदान ताटात वाढून दिलं होतं.

तोही थोडा हसला आणि म्हणाला, "वाईट वाटून घेऊ नका. पण तुम्ही मागच्या वेळी काम केल्यापासनं हे सुरू झालंय."

मला वाईट वाटलं. राग आला म्हणणं जास्त खरं. त्या दिवसापासून माझा शोध गाडीतली खोट सापडावी म्हणून नव्हता, माझं काम निर्दोष होतं हे दाखवण्यासाठी होता. कार्ब्युरेटर पुन्हा खोलला, पंपाचा पडदा बदलला, कॉइल दुसरी लावून पाहिली. शेठ किल्ली घेऊन यायचे, आणि प्रत्येक वेळी माझं पहिलं काम ठरलेलं: झाकण उघडून टाकीत काठी बुडवायची. म्हणजे रोगी तपासायच्या आधी मीच त्याला बरं करत होतो. मग रिकामी गाडी माजिवड्यापर्यंत नेऊन आणायची. बंद कशाला पडेल?

दौलतनं मला दोनदा सांगितलं की एकदा माझ्या शेजारी बसा, भरल्या गाडीत, भरल्या टाकीवर, कल्याणपर्यंत. मला वेळ नाही म्हणून मी ते टाळलं. वेळ होता. ड्रायव्हरच्या शेजारी बसून त्याच्याकडून शिकायचं, हे मला कमीपणाचं वाटलं.

त्याच सुमारास शेठचा पुतण्या पांडुरंग सायकलवरून शिळेहून येत होता. रस्त्याच्या कडेला गाडी उभी, बोनेट उघडं, दौलत खाली वाकलेला, नळी सुटलेली आणि तिच्याखाली डबा. त्यानं हे घरी जाऊन सांगितलं. टाकीला कुलूप आहे म्हणून हा नळीतून पेट्रोल काढून विकतो आणि गाडी बंद पडली म्हणून सांगतो, असा अर्थ लावायला काही वेळ लागला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी शेठ गॅरेजात आले. सोबत गाडी घेऊन दौलत होता. त्यानं शेठना सांगितलं होतं की मिस्त्रींना विचारा, बंद गाडीची नळी सोडवून बघतात की नाही. म्हणून ते दोघे माझ्याकडे आले होते. मी एका गाडीखालून बाहेर आलो आणि हात पुसत उभा राहिलो. शेठ मोठ्यानं बोलणारे नव्हते.

"मना येकच सांग मिस्त्री," ते म्हणाले. "खोट गारीत हाय का मानसात?"

दौलत माझ्याकडे बघत होता. नळी सोडवून डबा धरणारा ड्रायव्हर हा चांगला ड्रायव्हर असतो, पेट्रोल वाया जाऊ नये म्हणून डबा धरतात, हे मला माहीत होतं. मला अजून कळलेलं नाही, एवढं म्हटलं असतं तरी पुरे होतं. पण कळलं नाही हे शब्द साळवी मिस्त्रीच्या तोंडून तेव्हा निघत नसत.

"गाडीत नाही," मी म्हणालो.

उरलेलं वाक्य शेठनी मनात पूर्ण केलं.  दौलतनं खिशातून बोनेट पुसायचं फडकं काढलं, गाडीच्या सीटवर ठेवलं आणि रस्त्याला लागला. दोन दिवसांत खोली रिकामी झाली. पेट्रोल चोरणारा म्हणून नाव झालेल्या ड्रायव्हरला ठाणे-कल्याणच्या रस्त्यावर गाडी कोण देणार? सगळे मालक एकमेकांना ओळखत होते.

पुढे गाडी पांडुरंग चालवू लागला. घरचाच माणूस म्हणून किल्लीही त्याच्याकडे आली. पंधरा-वीस दिवसांनी तो ब्रेकच्या कामाला आला होता. काम होईपर्यंत चहा पीत गप्पा मारत होता. म्हणाला, ही गाडी लई नखऱ्याची आहे, मधेच थांबते, पण मला आता औषध सापडलंय. झाकण खोलायचं. फुस्स करून आवाज होतो, आणि लावलं की चालू. तो हसत होता. माझ्या हातात पाना होता, तो मी खाली ठेवला. दुसऱ्या कोणाला त्यात काही कळलं नाही. मला सगळं कळलं.

मी म्हटलं, झाकणाचा वायसर खराब झाला असेल, बघतो. झाकण घेऊन मागच्या बाजूला गेलो, टोच्या लावून एक हातोडी मारली आणि कथिलाचा तो थेंब निघाला. याला किती वेळ लागला असेल? पाणी पिऊन यायला लागतो तेवढा. वर खारं पाणी पडू नये म्हणून एक छोटा पत्रा वाकवून बसवला. ते आधीच सुचलं असतं तर ही गोष्टच झाली नसती. पांडुरंगला सांगितलं, वायसर बदलला. गाडी पुन्हा त्या कारणानं बंद पडली नाही, आणि हिराजीशेठ चार लोकांत सांगू लागले की माणूस बदलला आणि गाडी सुधारली, साळवी मिस्त्रीनं बरोबर ओळखलेलं.

मी शेठकडे जाणार होतो. आज, उद्या, हे काम संपलं की. कळव्याला जायला पूल ओलांडला की झालं, तेवढं अंतर मला जमलं नाही.

तीन वर्षांनी एका रेतीवाल्याची गाडी बघायला कोपरला गेलो. खाडीच्या कडेला रेतीच्या मोठ्या होड्या, पडाव, लागलेले, माणसं घमेल्यांनी रेती उतरवत होती. त्यांतला एक जण घमेलं ठेवून माझ्याकडे आला. खांद्याची कातडी सोललेली, पण उभं राहणं तेच, फौजेतलं.

"मिस्तरी, वळखलं का?"

मी ओळखलं. त्यानं माझी विचारपूस केली, लग्न झालं का विचारलं. राग दिसला नाही, तो नसावाच. मग म्हणाला, "एक विचारायचं होतं. ती गाडी कशानं बंद पडायची, ते सापडलं का शेवटी?"

मी चिखलात उभा होतो आणि आजूबाजूला कोणी नव्हतं. याहून चांगली वेळ मला मिळणार नव्हती.

"पंप," मी म्हणालो. "गरम झाला की दगा द्यायचा. आतून होतं, दिसत नव्हतं."

"म्हणजे गाडीतच होतं."

"गाडीतच होतं."

त्यानं कपाळावरचा घाम पुसला. मग म्हणाला, "हे शेठना सांगितलंत का?"

मी हो म्हणालो. त्याच्या चेहऱ्याकडे बघत मी दुसरं काही म्हणू शकलो नाही, असं मी बरीच वर्षं स्वतःला सांगत होतो. पण मी म्हणू शकलो असतो. दुसऱ्या दिवशी जाऊन शेठना सांगितलं असतं तर निदान ते हो खरं झालं असतं. तेही केलं नाही.

महिन्याभरात हिराजीशेठ गॅरेजात आले होते, त्यांनीच सहज सांगितलं. दौलत आलेला म्हणे, धुतलेले कपडे घालून, बायकोला घेऊन. बोलतो, मिस्त्रीनी तुमाला समदं सांगितलंय, आता माझ्या नावावरचं तेवढं पुसा. "मी बोल्लो, मना कोनी काय नाय सांगला बाबा. बायकोकडं बघला नि गेला." शेठ मला काही विचारत नव्हते, दौलतचा खोटेपणा सांगत होते. मी व्हॉल्व्ह घासत होतो. तो घासत राहिलो.

त्या रविवारी कोपरला गेलो. दौलत गाव सोडून गेला होता. कुठे, ते कोणाला नक्की माहीत नव्हतं. कोणी गावी म्हणालं, कोणी नाशिककडे. पुढे साताऱ्याकडचा माणूस भेटला की मी जगदाळ्यांची चौकशी करायचो. हिराजीशेठ वारले. डिझेलच्या गाड्या आल्या, मी स्वतःचं गॅरेज काढलं, ते मुलाच्या हाती दिलं. पुढे माझ्याकडे शिकलेल्या प्रत्येकाला मी भरल्या गाडीत ड्रायव्हरच्या शेजारी बसायला लावलं. का, ते कधी सांगितलं नाही. त्यांना वाटे म्हाताऱ्याचा हट्ट आहे.

चार वर्षांपूर्वी डोंबिवलीत एका दवाखान्यात बसलो होतो. आधी नाव लिहून घ्यावं लागतं, त्यात ठाण्याचं गॅरेज वगैरे मी बोलून गेलो. नावं लिहून घेणाऱ्या साठीच्या बाई थांबल्या. "तुम्ही साळवी मिस्त्री का? जांभळी नाक्याचे?" त्यांचं नाव सुमन. दौलतची धाकटी मुलगी. घर मागच्याच गल्लीत होतं. दवाखाना सुटल्यावर त्या मला चहाला घेऊन गेल्या, नको म्हणू देईनात.

भिंतीवर दौलतचा फोटो होता. नाशिकच्या बाजूला एका वखारीत त्यानं राखणदारी केली, गाडी पुन्हा कधी चालवली नाही. जाऊन पंधरा वर्षं झाली. मी ठरवलं होतं की कप खाली ठेवला की सांगायचं. पण त्याच बोलायला लागल्या.

"बाबा तुमचं नाव नेहमी घ्यायचे. म्हणायचे, सगळ्यांनी मला चोर म्हटलं, पण एक मिस्तरी होते, त्यांनी खरं काय ते शोधून शेठना जाऊन सांगितलं. शेठनी कबूल केलं नाही, ते शेठचं पाप. तो माणूस सरळ होता." मग त्यांनी वाकून मला नमस्कार केला. मी पाय मागे घेतले, तर त्यांना वाटलं गुडघे दुखताहेत.

मी चहा संपवला. मुलं काय करतात विचारलं. भिंतीला धरून जिना उतरलो आणि रिक्षात बसलो. संपादकांचं पहिलं पत्र त्याच महिन्यात आलं होतं.

सुमनताई, हा अंक तुमच्यापर्यंत पोचेल की नाही मला ठाऊक नाही. मी शेठना काहीही सांगितलं नव्हतं, शेठ खोटं बोलले नाहीत. पंप चांगला होता. भोक मी बुजवलं होतं आणि मीच ते गुपचूप उघडलं. तुमचे वडील पहिल्या दिवसापासून खरं तेच सांगत होते. हे मी त्यांना कोपरच्या चिखलात सांगायला हवं होतं, आणि नाही तर निदान तुम्ही वाकलात तेव्हा तुम्हाला. माझी चूक झाली, मला माफ करा, एवढे शब्द मी रिक्षात बसल्यावर मोठ्यानं म्हणालो. रिक्षावाल्यानं मागे वळून विचारलं, काका, कुठे जायचंय.